किरणोत्सारी धातू म्हातारा होतो, म्हणजे नेमकं काय होतं?

थेरगावातून भोसरी, तळवडे किंवा चाकणच्या दिशेने निघालं, की फाउंड्री, फोर्जिंग युनिट आणि फॅब्रिकेशनचे कारखाने लागत जातात. यातल्या काही ठिकाणी कधीकधी रात्री एक वेगळं काम चालतं. आजूबाजूची माणसं हटवली जातात, दोरी बांधून आणि फलक लावून जागा बंद केली जाते आणि जाड कास्टिंगचा किंवा वेल्डिंगच्या सांध्याचा 'फोटो' काढला जातो. आत पोकळी राहिली आहे का, तडा आहे का, हे त्या फिल्मवर दिसतं. कारखान्यातली माणसं या कामाला 'आरटी' म्हणतात, म्हणजे रेडिओग्राफिक टेस्टिंग.

या कामाच्या यंत्रालाही 'कॅमेरा'च म्हणतात, पण त्याला लेन्स नसते. ती असते साधारण वीस-पंचवीस किलोची एक लहानशी पेटी. तिच्या पोटात एका लवचिक तारेच्या टोकाला स्टीलची छोटी कुपी असते आणि कुपीत साबुदाण्यापेक्षाही पातळ अशा इरिडियम धातूच्या चकत्या असतात. या चकत्यांतून निघणारे गॅमा किरण लोखंडातून आरपार जातात आणि फिल्मवर उमटतात.

नवी कुपी आली की एका फिल्मला दहा मिनिटं लागतात असं धरू. अडीच महिन्यांनी त्याच कामाला वीस मिनिटं लागतात, पाच महिन्यांनी चाळीस. कुपी तीच, चकत्या त्याच. बाहेरून बघितलं तर काहीच बदललेलं नाही. मग आत काय बदललं?

इरिडियमचं प्लॅटिनम होतं

किरणोत्सारी धातू 'संपतो' असं आपण सहज म्हणतो. पण तो मेणबत्तीसारखा झिजत नाही. वजन जवळपास तेवढंच राहतं, अणूंची संख्याही तेवढीच राहते. फक्त त्यातले काही अणू दुसऱ्या मूलद्रव्याचे होतात.

या कॅमेऱ्यात वापरतात तो प्रकार आहे इरिडियम-१९२. त्याचं अर्धायुष्य ७३.८ दिवस, म्हणजे तेवढ्या दिवसांत त्याचे निम्मे अणू बदलून जातात. त्यातले साधारण ९५ टक्के प्लॅटिनम होतात आणि उरलेले ऑस्मियम. आवर्तसारणीत इरिडियमचा क्रमांक ७७, ऑस्मियमचा ७६, प्लॅटिनमचा ७८. म्हणजे अणू बदलतो तो अगदी शेजारच्या घरात जातो.

प्लॅटिनम ऐकून कुणाचे कान टवकारले असतील, तर हिशोब करून टाकू. ५० क्युरी ताकदीच्या कुपीत खरोखरचं किरणोत्सारी इरिडियम भरतं जेमतेम साडेपाच मिलिग्रॅम. चकत्यांमधलं बाकीचं इरिडियम साधं, स्थिर असतं, कारण अणुभट्टीत ठेवल्यावर त्यातले थोडेच अणू किरणोत्सारी बनतात. तेव्हा सगळं किरणोत्सारी इरिडियम बदलून गेलं, तरी हाती येणार पाच मिलिग्रॅम प्लॅटिनम. अंगठीचं सोडा, चमकीचीही सोय होणार नाही.

आता मुख्य मुद्दा. इरिडियमचा अणू प्लॅटिनम होतो तेव्हा त्यातून एक इलेक्ट्रॉन बाहेर फेकला जातो. याला बीटा क्षय म्हणतात. इलेक्ट्रॉन अणूच्या मानाने इतका हलका असतो, की त्याच्या धक्क्याने अणू जागचा फारसा हलत नाही. धातूमध्ये अणू सिनेमाच्या थिएटरसारखे ओळीने बसलेले असतात असं समजा. इथे खुर्ची तीच राहते, बसलेला माणूस फक्त नाव बदलतो. नवा अणू आकारानेही जुन्याच्या जवळपासचाच असतो. म्हणून वर्षभर जुनी चकती ना फुगते, ना भेगाळते, ना काळी पडते.

वर्षभराने मूळ ताकदीतली जेमतेम तीन टक्के ताकद शिल्लक असते. ५० क्युरीची कुपी दीड क्युरीच्या आसपास येते. कारखान्याच्या हिशोबाने ती निकामी झाली. पण दीड क्युरीची कुपी कुणी काही तास खिशात ठेवली, तर तिथली त्वचा जळून खोल जखम व्हायला ती पुरेशी आहे. कामाला निकामी आणि माणसाला निरुपद्रवी या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि धातूच्या रूपावरून यातली एकही कळत नाही.

कोबाल्ट : लासलगावचा कांदा आणि खारघरचं यंत्र

याच जातीचा, पण जास्त टिकणारा धातू म्हणजे कोबाल्ट-६०. त्याचं अर्धायुष्य ५.२७ वर्षं. तो बदलून निकेल होतो, पुन्हा शेजारच्याच घरात, २७ वरून २८ वर.

महाराष्ट्रात कोबाल्टचं सगळ्यात ओळखीचं ठिकाण म्हणजे लासलगावचं 'कृषक' केंद्र. भाभा अणुसंशोधन केंद्राने २००२ मध्ये ते उभं केलं. कांद्याला कोंब फुटू नयेत म्हणून तिथे त्याला गॅमा किरणांचा मारा दिला जातो. २००७ मध्ये आंब्याची अमेरिकेला निर्यात पुन्हा सुरू झाली, तेव्हाचा आंबाही लासलगावात किरण खाऊनच गेला होता.

अशा केंद्रात कोबाल्टचं म्हातारपण कॅलेंडरवर मोजतात. दरवर्षी त्याची ताकद साधारण १२ टक्क्यांनी घटते. मालाला ठरलेली मात्रा तर मिळालीच पाहिजे, म्हणून माल किरणांपुढे जास्त वेळ ठेवावा लागतो. एका दिवसात होणारं काम कमी होत जातं आणि शेवटी नवा कोबाल्ट भरावा लागतो.

कर्करोगाच्या उपचारातही हेच होतं. भाभा अणुसंशोधन केंद्राने बनवलेल्या 'भाभाट्रॉन' यंत्रात कोबाल्टच वापरतात, आणि त्याचं पहिलं यंत्र नवी मुंबईत खारघरच्या अॅक्ट्रेकमध्ये बसलं. पाच वर्षांपूर्वी ज्या उपचाराला दोन मिनिटं पुरायची, त्याला आता चार लागतात. मात्रा तेवढीच, फक्त रुग्णाला टेबलावर जास्त वेळ न हलता पडून राहावं लागतं.

कोबाल्टमध्ये एक शारीरिक बदल मात्र मोजता येतो. तो थंड होत जातो. किरणांची बरीच ऊर्जा धातूत आणि त्याच्या आवरणात मुरते आणि तिची उष्णता होते. हजार क्युरी कोबाल्ट-६० मधून साधारण १५ वॉट उष्णता निघते, म्हणजे घरातल्या मोठ्या एलईडी बल्बला लागते तेवढी वीज. सव्वापाच वर्षांनी ती साडेसात वॉट होते.

गंमत म्हणजे अशा धातूपेक्षा त्याचे शेजारी लवकर म्हातारे होतात. गॅमा किरणांनी साधी काच तपकिरी पडते, प्लॅस्टिक कडक होऊन तुटायला लागतं, रबर चिरतं. किरणोत्सारी पदार्थ हाताळायच्या खोल्यांना सेरियम घातलेली खास काच बसवतात, ती याचसाठी.

प्लुटोनियमचं म्हातारपण वेगळं

इथपर्यंतचे धातू सौम्य स्वभावाचे. प्लुटोनियम, अमेरिशियम, रेडियम ही दुसरी जात आहे. यांच्यातून इलेक्ट्रॉनऐवजी अल्फा कण बाहेर पडतो. अल्फा कण म्हणजे हेलियम वायूच्या अणूचं केंद्रक, इलेक्ट्रॉनच्या सात हजार पटींहून जड.

कॅरममध्ये स्ट्रायकर जोरात बसला की सोंगट्या चहूकडे उडतात. इथे तसंच होतं. प्लुटोनियम-२३९ चा अणू अल्फा कण फेकतो आणि स्वतः युरेनियम होतो. बंदुकीचा दस्ता खांद्याला मागे ढकलतो, तसा हा नवा युरेनियमचा अणू उलट दिशेला फेकला जातो. तो जेमतेम काही नॅनोमीटर जातो, पण तेवढ्यात दोनेक हजार अणूंना जागेवरून उठवतो. त्यातले बहुतेक क्षणार्धात पुन्हा कुठल्या तरी रिकाम्या जागेत बसतात. पण सगळे बसत नाहीत. काही जागा रिकाम्या राहतात, काही अणू दोन ओळींच्या मध्ये अडकून पडतात.

प्लुटोनियम-२३९ चं अर्धायुष्य २४,००० वर्षांहून जास्त आहे, म्हणजे कागदावर हा फार सावकाश म्हातारा होणारा धातू. पण एका स्फोटात हजारो अणू उठतात हे धरलं, तर त्याच्या तुकड्यातला प्रत्येक अणू सरासरी दहा वर्षांतून एकदा आपल्या जागेवरून हुसकला जातो. किरणोत्साराचं घड्याळ आणि शरीराचं घड्याळ वेगवेगळ्या वेगाने चालतात. इरिडियमचा किरणोत्सार झपाट्याने उतरतो आणि शरीर शाबूत राहतं. प्लुटोनियमचा किरणोत्सार आपल्या नातवंडा-पणतवंडांच्या काळातही जवळपास तसाच असेल, पण त्याचं शरीर आतून सतत मोडत आणि सांधत असतं.

बाहेर फेकलेला अल्फा कण लांब जात नाही. धातूतच काही मायक्रोमीटरवर थांबतो, दोन इलेक्ट्रॉन पकडतो आणि हेलियमचा अणू होतो. हेलियम कुणाशी संयोग करत नाही, धातूत विरघळतही नाही. मग हे अणू रिकाम्या जागा शोधून एकत्र जमतात आणि नॅनोमीटरभर आकाराचे बुडबुडे तयार होतात. अण्वस्त्रांसाठीच्या प्लुटोनियममध्ये वर्षाला दर दहा लाख अणूंमागे साधारण ४० हेलियमचे अणू जमा होतात. पन्नास वर्षांत हजारामागे दोन. ऐकायला थोडं वाटतं, पण घट्ट धातूच्या पोटात साठलेला हा वायू आहे.

परिणाम काय होतो? धातू किंचित फुगतो, त्याची घनता टक्क्याच्या अगदी छोट्या हिश्श्याने उतरते आणि तो थोडा कडक होतो.

एवढ्याशा बदलाची काळजी का, हे कळायला प्लुटोनियमचा लहरीपणा माहीत हवा. सामान्य दाबाखाली वितळेपर्यंत तो सहा वेगवेगळी घन रूपं घेतो. खोलीच्या तापमानाचं रूप ठिसूळ, घनता १९.८ च्या आसपास. डेल्टा नावाचं रूप मऊ, घडवता येणारं, पण त्याची घनता १५.९. म्हणजे एका रूपातून दुसऱ्या रूपात जाताना तुकडा जवळपास पाव हिश्श्याने फुगतो किंवा आकसतो. डेल्टा रूप टिकून राहावं म्हणून त्यात थोडं गॅलियम मिसळतात. आतून अणू हुसकले जात असताना ही व्यवस्था किती वर्षं टिकेल, हा अण्वस्त्र बाळगणाऱ्या प्रत्येक देशापुढचा प्रश्न आहे.

आणि उत्तर शोधायला जुना नमुनाच नाही. प्लुटोनियम ओळखला गेला १९४१ च्या सुमारास. माणसाने बनवलेला त्याचा सगळ्यात जुना तुकडाही अजून शंभरीला पोचलेला नाही. म्हणून अमेरिकेतल्या प्रयोगशाळांनी एक युक्ती केली. प्लुटोनियम-२३९ मध्ये थोडा प्लुटोनियम-२३८ मिसळला. त्याचं अर्धायुष्य फक्त ८७.७ वर्षं, त्यामुळे मिश्रण साधारण सोळा पट वेगाने म्हातारं होतं. चार वर्षांत चौसष्ट वर्षांचं म्हातारपण बघायला मिळतं. भीती होती तेवढी पडझड त्यांना दिसली नाही. धातू स्वतःला बराच सावरून घेतो, असं निघालं.

तुर्भे आणि तारापूरची घाई

भारतात प्लुटोनियम पहिल्यांदा वेगळा केला गेला तो महाराष्ट्रातच. मुंबईत तुर्भे इथे १९६० मध्ये सायरस अणुभट्टी सुरू झाली आणि १९६०च्या दशकाच्या मध्यात तिथेच जळालेल्या इंधनातून प्लुटोनियम काढायचा कारखाना उभा राहिला.

अणुभट्टीच्या इंधनासाठी प्लुटोनियम साठवताना एक अडचण येते. त्यात प्लुटोनियम-२४१ नावाचा प्रकार मिसळलेला असतो. त्याचं अर्धायुष्य १४.३ वर्षं आणि तो बदलून अमेरिशियम-२४१ होतो. अमेरिशियममधून गॅमा किरणही निघतात. म्हणजे इरिडियम-कोबाल्टच्या बरोबर उलट : इथे माल जितका जुना, तितका तो हाताळायला जास्त त्रासदायक. तारापूरला प्लुटोनियम मिसळलेलं इंधन बनतं. तिथे काम करणाऱ्यांच्या दृष्टीने ताजा प्लुटोनियम चांगला. फार वर्षं पडून राहिला, तर आधी त्यातलं अमेरिशियम काढावं लागतं, नाहीतर हातमोज्यांच्या पेटीपुढे उभ्या असलेल्या माणसाला जास्त किरण लागतात.

रेडियमच्या नळ्या आणि काळा पडणारा युरेनियम

वायू साठण्याचा खरा त्रास दिसला तो रेडियममध्ये. विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात कर्करोगावर उपचार करायला रेडियमच्या सुया आणि नळ्या वापरत. एक ग्रॅम रेडियमपासून वर्षाला दीडशे-पावणेदोनशे घन मिलिमीटर हेलियम तयार होतो, शिवाय रेडॉन वायू. बंद नळीत दशकानुदशकं दाब वाढत राहिला आणि अनेक जुन्या नळ्या फुगल्या, चिरल्या, गळू लागल्या.

जुन्या घड्याळांच्या चमकणाऱ्या काट्यांतही रेडियम असे. आजोबांच्या ट्रंकेतलं तसं घड्याळ आज अंधारात चमकत नाही, म्हणून रेडियम संपला असं वाटतं. संपतं ते त्यात मिसळलेलं झिंक सल्फाइड. किरणांच्या माऱ्याने त्याची चमकायची ताकद जाते. रेडियमचं अर्धायुष्य १,६०० वर्षं, तेव्हा ऐंशी वर्षांनीही ९६ टक्क्यांहून जास्त रेडियम तिथेच असतो.

युरेनियमचा घोळ आणखी वेगळा. ताजा कापलेला युरेनियम चांदीसारखा चकाकतो, हवेत ठेवला की सोनेरी होतो आणि मग काळा पडतो. बघणाऱ्याला वाटतं, किरणोत्साराने झालं. पण हा निव्वळ गंज आहे, हवेतल्या ऑक्सिजनचं काम. युरेनियम-२३८ चं अर्धायुष्य ४४७ कोटी वर्षं, जवळपास पृथ्वीच्या वयाएवढं. माणसाच्या आयुष्यात किरणोत्साराने त्याचं काहीच होत नाही.

आणि इथे परत त्या आरटीच्या कॅमेऱ्याकडे यावं लागतं. अशा अनेक कॅमेऱ्यांत किरण अडवायला शिशाऐवजी क्षीण युरेनियम वापरतात, कारण तो शिशापेक्षा कितीतरी घट्ट असतो. म्हणजे एकाच पेटीत दोन किरणोत्सारी धातू : आत अडीच महिन्यांत निम्मा होणारा इरिडियम आणि भोवती पृथ्वीच्या वयाने म्हातारा होणारा युरेनियम.

भंगारात गेलेला कोबाल्ट

म्हातारा धातू रूपावरून ओळखता येत नाही, याची किंमत भारताने मोजली आहे. दिल्ली विद्यापीठात १९७०च्या आसपास संशोधनासाठी आणलेलं कोबाल्ट-६० चं एक यंत्र १९८५ पासून वापराविना पडून होतं. फेब्रुवारी २०१० मध्ये ते लिलावात भंगार म्हणून विकलं गेलं. मायापुरीच्या भंगार बाजारात ते फोडलं गेलं आणि आतले धातूचे तुकडे वेगवेगळ्या दुकानांत पोचले. एका दुकानदाराने एक तुकडा पाकिटात ठेवला होता.

चाळीस वर्षांत त्या कोबाल्टची ताकद मूळच्या दोनशेव्या हिश्श्याजवळ आली होती. तरीही एका माणसाचा जीव गेला आणि आणखी काही जणांना रुग्णालयात ठेवावं लागलं. धातू गंजलेला नव्हता, गरम लागत नव्हता, चमकतही नव्हता. अंधारात हिरवा उजेड पाडणारा किरणोत्सारी तुकडा सिनेमात असतो.

महाराष्ट्रातली गोष्ट त्याआधीची. ऑक्टोबर २००८ मध्ये फ्रान्समध्ये लिफ्टच्या बटणांत कोबाल्ट-६० सापडला. बटणं जोडणाऱ्या कारखान्यातल्या वीसेक कामगारांना किरण लागले होते. बटणांचं स्टील भारतातून गेलं होतं आणि माग काढत तपास खोपोलीच्या एका फाउंड्रीपर्यंत आला. भंगारातून आलेला कुठला तरी कोबाल्टचा स्रोत लोखंडाबरोबर वितळला होता.

वितळवल्याने किरणोत्सार मरत नाही. भट्टीची उष्णता अणूच्या केंद्रकापर्यंत पोचतच नाही. कोबाल्ट लोखंडात छान मिसळतो, म्हणून तो सगळ्या ओतकामात सारखा पसरतो. २००८ मध्ये वितळलेल्या त्या कोबाल्टचा २०२४ संपताना साधारण आठवा हिस्सा शिल्लक होता, बाकीचा निकेल झाला. स्टेनलेस स्टीलमध्ये निकेल असतोच, त्यामुळे त्याचं तिथे कुणाला काही वाटणार नाही.

पिंपरी-चिंचवडमध्ये हे सांगायचं कारण उघड आहे. चिखली-कुदळवाडीचा पट्टा वर्षानुवर्षं भंगाराच्या गोदामांसाठी ओळखला गेला आणि शहराभोवती धातू वितळवणाऱ्या भट्ट्याही आहेत. मोठ्या स्टील कारखान्यांत आत येणाऱ्या ट्रकचा किरणोत्सार मोजायची कमान असते. पण स्रोत जाड शिशाच्या पेटीत असेल तर कमानीलाही तो कळेलच असं नाही. म्हणून नजर माणसाचीच लागते. आकाराच्या मानाने फारच जड वाटणारी पेटी, तिच्यावर तीन पाकळ्यांच्या पंख्यासारखी खूण, कुलूप, कोरलेला क्रमांक, लवचिक तारेच्या टोकाला जोडलेली बोटाच्या पेराएवढी चकचकीत कुपी : यातलं काही दिसलं तर कापायचं नाही, उचलायचं नाही, लांब व्हायचं, इतरांना लांब ठेवायचं आणि ११२ वर कळवायचं. अशा वस्तूंवर देखरेख असते मुंबईतल्या अणुऊर्जा नियामक मंडळाची. एनडीआरएफची पाचवी बटालियनही चाकण-तळेगावच्या मध्ये सुदुंबऱ्याला आहे आणि किरणोत्साराच्या प्रसंगांचं प्रशिक्षण या दलाला दिलेलं असतं.

रीतसर काम करणारी आरटी एजन्सी वापरून झालेली कुपी भंगारात टाकत नाही, ती पुरवठादाराकडे परत पाठवते. भारतात बनलेली असेल तर ती वाशीच्या 'ब्रिट' म्हणजे विकिरण व समस्थानिक प्रौद्योगिकी मंडळाकडे जाते. कुपी काढून घेतल्यावर कॅमेरा रिकामा होतो. पण युरेनियमचं कवच असलेला कॅमेरा असेल, तर मोजणी यंत्र त्याच्याजवळ तरीही हलकं टिकटिकतं आणि किरणोत्साराची खूण त्या रिकाम्या पेटीवरही तशीच ठेवावी लागते.